२५ ग्रॅम प्रथिनांपैकी अर्धी कुठे गेली? अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे एक प्रकरण

जिमला जाणारी बरीच मुले सकाळी सात-आठ अंडी फोडतात, पिवळा बलक बाजूला काढतात आणि पांढरे ग्लासात ओतून एका दमात पितात. हिशेब सोपा असतो. आपल्याकडच्या मध्यम अंड्यात ३० ते ३३ ग्रॅम पांढरा बलक निघतो, त्यात सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे सात-आठ अंड्यांत २५ ग्रॅम. जोडीला एक पक्की समजूत असते, की शिजवले की अंड्याची ताकद जाते. २५ ग्रॅम गिळले, हे खरेच आहे. त्यातले अंगी किती लागले, याचे उत्तर १९९८ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दिले. अंड्याच्या पचनाबद्दल बोलताना आजही त्याच कामाचा आधार घेतला जातो, म्हणून ते नीट समजून घ्यावे आणि मग आपल्या तव्याकडे यावे.

मोजमाप कसे केले

खाल्लेल्या प्रथिनांपैकी किती पचली, हे शौचातून मोजता येत नाही. लहान आतड्यात न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते फोडतात, स्वतःची प्रथिने बनवतात, आणि शेवटी बाहेर पडणारा नायट्रोजन अंड्याचा की जिवाणूंचा हे कळेनासे होते. मोजायचे तर लहान आतडे संपते तिथेच मोजायला हवे.

म्हणून या प्रयोगात इलिओस्टोमी झालेल्या पाच जणांना घेतले. या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढलेले असते आणि त्यातून येणारा द्रव पिशवीत जमा होतो. मोठ्या आतड्याचा संबंधच उरत नाही. लहान आतड्यात जे शोषले गेले नाही, ते पिशवीत आले.

दुसरी अडचण अशी, की त्या द्रवात शरीराचे स्वतःचे पाचकरस आणि झडलेल्या पेशीही असतात, आणि त्यांतही नायट्रोजन असतोच. त्यासाठी अंड्यातल्या प्रथिनांवरच खूण केलेली होती. नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ ही अणूंची थोडी जड पण किरणोत्सर्ग नसलेली रूपे त्या प्रथिनांत होती. पिशवीत जड नायट्रोजन दिसला की तो अंड्याचाच. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१३ दिसला की तेवढे प्रथिन पचून, शोषले जाऊन शरीरात वापरले गेले.

प्रत्येकाने एकदा २५ ग्रॅम खूण केलेले अंड्याचे प्रथिन शिजवून खाल्ले आणि एकदा तेच कच्चे घेतले. माणूस तोच, मात्रा तीच. फरक फक्त शिजवण्याचा.

काय निघाले

शिजवलेल्या अंड्याची लहान आतड्याअखेरची खरी पचनीयता ९०.९ टक्के निघाली, कच्च्याची ५१.३ टक्के. ग्रॅममध्ये मांडले तर २५ पैकी शिजवलेल्यातून सुमारे २२.७ ग्रॅम अंगी लागले आणि कच्च्यातून १२.८ ग्रॅम. जवळजवळ १० ग्रॅमचा, म्हणजे तीन अंड्यांच्या पांढऱ्याचा फरक.

या आकड्यांच्या शेजारी आणखी दोन छोटे आकडे होते आणि ते सहसा कुणी सांगत नाही. शिजवलेल्याचा फैलाव ±०.८ होता, कच्च्याचा ±९.८. शिजवलेले अंडे पाचही जणांना सारखेच पचले; कच्चे कुणाला बऱ्यापैकी, कुणाला फारच कमी. "मला तर कच्चे छान पचते" आणि "मला पोट फुगते" असे दोन मित्र वाद घालतात, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात.

पाच माणसे थोडी आहेत, आणि त्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. ही शंका त्याच गटाने पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, निरोगी माणसांवर दुसरा प्रयोग करून तपासली. तिथे शिजवलेल्यातले ५.७३ टक्के प्रथिन लहान आतड्यातून निसटले आणि कच्च्यातले ३५.१० टक्के. निरोगी पोटात कच्चे थोडे जास्त पचले, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तरीही वायाच गेले. निसटलेले प्रथिन मोठ्या आतड्यात जाऊन कुजते, आणि त्या कुजण्यातून तयार झालेली द्रव्ये लघवीत सापडली. कच्च्यानंतर त्यांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते. पांढऱ्या बलकात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात. कच्चे पांढरे पिणाऱ्यांच्या गॅसला जो उग्र वास येतो, त्याचे मूळ बहुधा इथेच आहे.

कच्चे अडते कुठे

पांढऱ्या बलकातले निम्म्याहून जास्त प्रथिन ओव्हाल्ब्युमिन असते. ३८५ अमिनो आम्लांची ही माळ निसर्गतः इतकी घट्ट गुंडाळलेली असते, की जठरातल्या पेप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराला कापायला टोकच सापडत नाही. गुंडी न सोडवता सुताची लड कापत बसण्यासारखे ते आहे. त्यात पांढऱ्या बलकात प्रथिने तोडणाऱ्या विकरांनाच अडवणारी प्रथिनेही असतात; वाढत्या पिल्लाचे जिवाणूंपासून रक्षण करणे हे त्यांचे काम. शिवाय कच्चा बलक द्रव असल्याने जठरातून लवकर पुढे सरकतो आणि पेप्सिनला वेळही कमी मिळतो.

उष्णता ही गुंडी सोडवते. पांढऱ्या बलकातली सगळी प्रथिने मात्र एकाच तापमानाला उलगडत नाहीत, आणि स्वयंपाकघरातला सगळा घोळ इथेच होतो. ओव्होट्रान्सफेरिन ६२ अंशांच्या आसपास उलगडते, तेव्हा बलक दुधाळ होऊन थिजू लागतो. ओव्हाल्ब्युमिनला मात्र ८० ते ८४ अंश लागतात. म्हणजे पांढरे झालेले पांढरे शिजलेले असेलच असे नाही. डोळ्यांना ६५ अंशांवरच "झाले" असे वाटते, आणि निम्म्याहून जास्त प्रथिन अजून गुंडाळलेलेच असते.

ल्यूव्हेनच्या प्रयोगात कच्चे विरुद्ध शिजवलेले एवढीच तुलना होती. उकडलेले, तळलेले, बुर्जी असे वेगवेगळे केलेले नव्हते. त्यामुळे "उकडलेले ९१ टक्के, ऑम्लेट अमुक टक्के" असे जे तक्ते फिरत असतात, त्यांना या प्रयोगाचा आधार नाही. पद्धतींमधला फरक समजायला दुसरा धागा धरावा लागतो, आणि तो एव्हिडिनचा आहे.

एव्हिडिन: पांढऱ्यातला तापमापक

एव्हिडिन पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांत फक्त ०.०५ टक्के असते, पण बायोटिन हे जीवनसत्त्व ते असे पकडते, की पचनमार्गात सुटका होत नाही. एका बलकातले एव्हिडिन दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. हिशेबाने ते सुमारे २४ मायक्रोग्रॅम बायोटिन धरू शकते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम मानतात. १९४२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात चार स्वयंसेवकांना रोज २०० ग्रॅम वाळवलेला कच्चा पांढरा बलक दिला गेला, तेव्हा काही आठवड्यांत त्यांची त्वचा कोंड्यासारखी सुटू लागली, पुढे थकवा आला, स्नायू दुखू लागले, आणि बायोटिन दिल्यावर काही दिवसांत सगळे बरे झाले. ती मात्रा पन्नासेक अंड्यांइतकी होती, त्यामुळे आठवडाभर चार कच्ची अंडी घेतलेल्याने घाबरून जाऊ नये. पण महिनोन् महिने कच्चे पांढरे पिऊन पिवळा फेकून देणारा माणूस दोन्हीकडून बुडतो, कारण अंड्यातले बायोटिन पिवळ्यातच असते.

एव्हिडिन आपल्याला इथे हवे आहे ते वेगळ्या कारणासाठी. ते ८५ अंशांच्या आसपास निकामी होते, म्हणजे ओव्हाल्ब्युमिनच्या अगदी शेजारी. शिजवल्यावर ते किती शिल्लक राहिले, यावरून बलकाच्या थंड कोपऱ्यांपर्यंत उष्णता पोचली की नाही याचा अंदाज येतो. १९९१ साली ते मोजले गेले. कच्च्याच्या तुलनेत पाण्यात फोडून शिजवलेल्या पोच अंड्यात ७१ टक्के, दोन मिनिटे उकळलेल्यात ४० टक्के, आणि तळलेल्यात ३३ टक्के एव्हिडिन अजून कामाचे होते. पूर्ण निकामी व्हायला चार मिनिटांहून जास्त उकळावे लागले.

याचा अर्थ पोच अंड्यातले ७१ टक्के प्रथिन कच्चे होते असा काढू नये. एव्हिडिन आणि ओव्हाल्ब्युमिन ही दोन वेगळी प्रथिने आहेत. पण दिशा स्पष्ट कळते. उकडले, तळले की वाफवले यापेक्षा बलकातली सर्वांत थंड जागा किती तापली, हे पाहायला हवे. पुढचे सगळे याच कसोटीवर पारखले आहे.

हाफ फ्राय जवळून पाहू

थंड कोपरा म्हणजे काय, हे हाफ फ्रायइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. तापलेल्या तव्यावर अंडे फोडले की पातळ पांढरे लगेच पसरते आणि कडेला जाळी धरते. घट्ट पांढरे मात्र पिवळ्याभोवती ढिगासारखे उभे राहते. खाली तवा १२० अंशांच्या वर, वर उघडी हवा. दोन मिनिटांत कड तपकिरी, मधला भाग पांढरा, आणि पिवळ्याला लागून बोटभर रुंदीचे एक कडे उरते. ते थिजू लागलेल्या खोबरेल तेलासारखे अर्धपारदर्शक असते, आणि तवा हलवला की थरथरते. तेच कच्चे आहे. कड करपायला आली म्हणून आपण अंडे उतरवतो आणि ते कडे तसेच ताटात जाते.

आच वाढवून ते शिजत नाही, फक्त जाळी जळते. अंडे फोडल्यावर पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत उलथण्याच्या टोकाने घट्ट पांढऱ्याचा ढीग दोन-तीन ठिकाणी फोडून बाजूला पसरवावा. कड पांढरी झाली की आच मंद करून तव्याच्या कडेने एक चमचा पाणी सोडावे आणि लगेच झाकण घालावे. एक ते दीड मिनिट वाफ मिळाली की वरचा थर पांढराफट होतो, पिवळ्यावरही पातळ पांढरी साय धरते, आणि पिवळा आतून मऊच राहतो. अंडे त्याच वेळात तयार होते, चव तीच लागते, आणि कच्चे कडे उरत नाही.

कडेच्या तपकिरी जाळीत लायसिन हे अमिनो आम्ल थोडे वाया जाते, कारण पांढऱ्यातली साखर आणि प्रथिन तिथे एकमेकांशी जुळतात. जाळी म्हणजे अंड्याचा फार छोटा भाग. तेवढ्यासाठी कुरकुरीत कड सोडण्याचे कारण नाही. काळी झाली असेल तर काढून टाकावी, कडू तर लागतेच.

उकडणे

पांढऱ्या बलकासाठी सर्वांत बिनधोक पद्धत हीच, आणि तेल शून्य. कवच शाबूत असल्याने पाण्यात विरघळणारे रिबोफ्लेव्हिन आणि पोटॅशियम बाहेर जात नाहीत. पोच करताना थोडे पाण्यात उतरतात.

५० ते ५५ ग्रॅमची अंडी उकळत्या पाण्यात चमच्याने अलगद सोडावीत, पाणी अंड्यांच्या दोन बोटे वर असावे. सहा मिनिटांनी बाहेरचे पांढरे घट्ट, पिवळा वाहता. आठ मिनिटांनी पिवळ्याची कड धरलेली. दहा-अकरा मिनिटांनी सगळे घट्ट. पांढरे आतपर्यंत शिजले का, हे पिवळ्याकडे पाहून कळते. पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. तो वाहता असेल, तर त्याला चिकटलेला पांढऱ्याचा आतला थर ८० अंशांना पोचलेला नाही हे नक्की. चवीने सहा मिनिटांचे अंडे खाणाऱ्याने याची चिंता करू नये, तो थर पातळ असतो. पिवळा काढून फक्त पांढऱ्यासाठीच अंडी उकडायची असतील, तर मात्र दहा मिनिटांच्या खाली थांबण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिलेल्या अंड्यांना एक-दोन मिनिटे जास्त द्यावीत. साठवणीत कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बलक अल्कधर्मी होत जातो आणि ओव्हाल्ब्युमिन हळूहळू जास्त टणक रूपात बदलते. ते रूप उलगडायला ९२ अंशांच्या आसपास तापमान लागते. मे महिन्यात ओट्यावर आठवडाभर पडलेली अंडी उकडल्यावर पांढरे लिबलिबीत का राहते, याचे एक कारण हे. सोलायला मात्र हीच अंडी सोपी. ताज्या अंड्याचे पांढरे पापुद्र्याला धरून राहते.

पंधरा-वीस मिनिटे विसरून गेलात तर पांढरे रबरासारखे होते आणि पिवळ्याभोवती हिरवट-करडे वलय येते. पांढऱ्यातल्या गंधकातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड आणि पिवळ्यातले लोह यांचे ते संयुग आहे, अपायकारक नाही. पोषणही म्हणावे इतके घटत नाही. पण रबरी पांढऱ्याचे मोठे तुकडे नीट न चावता गिळले जातात, आणि पेप्सिनला बाहेरून आत पोखरत जावे लागते. "उकडलेले अंडे जड पडते" म्हणणाऱ्यांनी आधी वेळ पाहावी आणि अंड्याचे चार नव्हे, आठ तुकडे करून खाऊन पाहावेत. घड्याळ लावून उकडणे आणि लगेच गार पाण्यात टाकणे, इतकेच पुरते.

बुर्जी आणि ऑम्लेट

सतत हलवत राहिल्याने बुर्जीत थंड कोपरा उरत नाही, त्यामुळे पचनाच्या बाजूने ती उत्तम. सहा पांढऱ्यांना (सुमारे १९० ग्रॅम) मध्यम आचेवर अडीच-तीन मिनिटे लागतात. दाण्यांवरची ओली चकाकी गेली की थांबावे. त्यापुढे गेले की प्रथिनांची जाळी आवळते, पाणी पिळून बाहेर येते आणि तव्यात दाणे पाण्यात तरंगताना दिसतात. कांदा-टोमॅटोचे पाणी आधी आटवून घेतले नाही, तर हेच होते आणि दोष अंड्याला मिळतो.

फक्त पांढरे तव्याला पटकन धरते, कारण त्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. म्हणून लोक तेल ओततात. सहा पांढऱ्यांच्या मिळून सुमारे १०० कॅलरी. पोह्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेलाच्या १२०. तेलाने जठर रिकामे व्हायलाही उशीर लागतो, तेव्हा खाल्ल्यावर वाटणारा जडपणा बऱ्याचदा अंड्याचा नसतो. नॉनस्टिकवर चहाच्या चमच्याने एक चमचा पुरे. लोखंडी तव्यावर पांढरे करडे पडते, तीही गंधक-लोहाचीच करामत. खायला हरकत नाही.

ऑम्लेट पातळ पसरले तर शिजतेच. घडी घालताना आतली बाजू ओली असेल, तर घडीच्या आत वाफेवर अर्धे मिनिट झाकून ठेवावे.

डब्यातले पाश्चराइज्ड पांढरे

इथे फसगत सर्वांत जास्त होते. परदेशात राहणारे बरेच जण आणि आता आपल्या मोठ्या शहरांतलेही काही जण पाश्चराइज्ड द्रव पांढरे विकत घेतात आणि ते "प्रक्रिया केलेले" म्हणून थेट शेकमध्ये घालतात. अमेरिकेतल्या जुन्या नियमांत पांढऱ्या बलकाचे पाश्चरायझेशन ५६.७ अंशांना साडेतीन मिनिटे असे होते. साल्मोनेला मारायला ते पुरते, आणि तोच त्याचा हेतू. पण ओव्हाल्ब्युमिन आणि एव्हिडिन या तापमानाला जागचे हलतसुद्धा नाहीत. हललेच असते तर डब्यात पांढऱ्याची वडी झाली असती. जंतूंच्या दृष्टीने ते सुरक्षित, पचनाच्या दृष्टीने कच्चेच. ते बुर्जीत घाला, धिरड्याच्या पिठात घाला, शिजू द्या.

स्नायूंबद्दल एक प्रामाणिक नोंद इथे करायला हवी. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ४५ तरुणांवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामानंतर पाच अंडी कच्ची किंवा उकडून दिली, प्रथिने सुमारे ३० ग्रॅम. उकडलेल्यानंतर रक्तातली आवश्यक अमिनो आम्ले सुमारे २० टक्के जास्त चढली, पण पुढच्या काही तासांतली स्नायूंची बांधणी दोन्हींत सारखीच दिसली. म्हणजे भरपूर मात्रा असेल तर एका बैठकीपुरते कच्चेही भागवून नेते. पण ती मात्रा कमी होत गेली, म्हातारपण किंवा आजारपण आले, किंवा सात अंड्यांऐवजी दोनच परवडत असली, की निसटणारा तिसरा हिस्सा जाणवायला लागतो.

किडनीच्या रुग्णांसाठी

डायलिसिसवरच्या रुग्णांना पांढरा बलक मुद्दाम सांगितला जातो. त्यांना प्रथिने जास्त हवी असतात आणि फॉस्फरस कमी. एका पांढऱ्यात फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, एका पिवळ्यात त्याच्या दहापटीहून जास्त. पण न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजले की त्यातून पी-क्रेसॉलसारखी द्रव्ये तयार होतात, ती रक्तात शोषली जातात, आणि एरवी ती बाहेर टाकण्याचे काम किडनीचे असते. ज्यांची किडनीच थकलेली आहे, त्यांच्यात ती साचतात. ल्यूव्हेनच्या त्या प्रयोगांचे मुख्य लेखक पीटर एव्हनेपूल पुढे किडनीतज्ज्ञ म्हणून याच द्रव्यांचा अभ्यास करत राहिले. अशा घरात किती पांढरे खायचे हे आहारतज्ज्ञ ठरवतील. ते पूर्ण दहा मिनिटे उकडलेले, बारीक चिरलेले असेल, हाफ फ्राय किंवा शेक नसेल, आणि पिवळा वेळेवर बाजूला काढलेला असेल, हे स्वयंपाक करणाऱ्याने पाहायचे.